बेसबॉलच्या कार्डावरचं कुंकू

दसरा, संध्याकाळ. खैतान, कुवेत.

हुश्श. आत्ता कुठे जीव भांड्यात पडला.

शर्क भागातल्या ऑफिसातून घरी आलो, तर देवापुढे मेघनाचं शिवणयंत्र, लेकीची पुस्तकं आणि त्यांच्याशेजारी माझं ते जुनं अमेरिकन बेसबॉल कार्ड! सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं. कार्डाच्या डाव्या कोपऱ्यावरही लाल ठिपका. खेळाडूचं चित्र असलेली अशी जुनी कार्डं शौकीन चांगल्या किमतीला विकत घेतात, पण सगळं मोल कोऱ्या, टोकदार कोपऱ्यांत. डाग पडला की संपलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं खरं, पण पाकीट वरून उघडं. ओलं कुंकू आत उतरलं असलं तर?

“अगं, हे कशाला मांडलंस पूजेत?”

“रोज भिंग लावून त्याच्यापुढे बसतोस,” मेघना म्हणाली. “म्हटलं, तुझं शस्त्र हेच असणार.”

ओरडणार होतो. त्याऐवजी भिंग घेतलं, कडांना धरून कार्ड हळूच बाहेर काढलं. डावा कोपरा कोरा! टोकदार, जसा होता तसा. कुंकू नुसतं पाकिटावर.

नवं पाकीट काढलंही होतं. पण ठिपका वाळू दिला आणि कार्ड त्याच जुन्या पाकिटात सरकवलं. विकताना बदलू.

पण आता विकवेल का माझ्याच्याने?