नदीची ओटी

प्रिय इला,

मुद्दाम मराठीत लिहितेय. मराठी शाळेतले तुझे रविवार फुकट गेले नाहीत, हे दाखव. अडलं तर मोठ्यानं वाच. कॅनडातल्या लेथब्रिजच्या नोकरीला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि तू माझ्या तोंडाकडे बघत थांबलीयस, हे मला कळतंय. बाबा गेल्यावर आई इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला एकटी, आणि आपण कॅनडात कसं जायचं, हेच तुझ्या मनात चाललंय ना? त्याचं शेवटी लिहिते.

तुझ्याकडून मी नीट घरी पोचले. गुडघे कुरकुरतायत, पण तुझी सेंट मेरी नदी डोळ्यांपुढून हलत नाही. अगं, काय ते पाणी! डोंगरावरचा तो मळकट बर्फ म्हणजे हिमनदी, तिथून ही निघते, असं तू बोटानं दाखवलंस. मग अमेरिकेच्या हद्दीतली, तुझ्या मोंटानातली दोन तळी ओलांडून बाई निघाल्या सरळ उत्तरेला, कॅनडात! ना व्हिसा, ना रांग. आणि सीमेजवळ तू कमरेइतक्या गार पाण्यात उभी राहून प्रवाह मोजत होतीस. दोन देश पाणी वाटून घेतात ते असल्या मोजमापावर, म्हणालीस. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ऊरही भरून आला होता. एवढीशी होतीस तेव्हा बाथटबला घाबरायचीस.

आणि मी काय केलं? पर्समधून नारळ, खण, तांदूळ काढले. एवढी मोठी नदी भेटली, ओटी नको भरायला? तू "आई, नो!" म्हणून अशी ओरडलीस की पलीकडचे कॅनडावाले दचकले असतील. नदीत बाहेरचं काही टाकायचं नाही म्हणे. बरं बाई, सायंटिस्ट तू.

परतताना तू मिल्क रिव्हर दाखवलीस. सेंट मेरीचं थोडं पाणी कालव्यानं तिच्यात सोडतात, ती कॅनडात शिरते आणि मैलोन्‌मैल भटकून पुन्हा मोंटानात येते. विमानात मी तोच विचार करत होते.

नारळ परत आणलाय, देवापाशी ठेवलाय. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात, आणि लग्नाआधी मुलीची भरत नाहीत म्हणतात. म्हणोत बापडे. तू शुक्रवारची वाट बघू नकोस, उद्याच हो कळव. मला एकटं वाटेल, खूप वाटेल, पण त्यासाठी तुला अडवणार नाही. फक्त निघण्याआधी दोन दिवस घरी ये. नदीची राहिली ती ओटी तुझी भरणार आहे मी.

तुझीच, वाट बघणारी,
आई