सगळ्यात हळू पट्टीची चाल

प्रिय इंजिनबाई,

एका घोर अन्यायाची नोंद करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गेल्या आठवड्यात माझा कॉम्प्युटर, म्हणजे तू सुटे भाग जोडून मला करून दिलेला तो काळा पेटारा, बटण दाबल्यावर काही केल्या उजळेना. मी पडद्याकडे बघतोय, पडदा माझ्याकडे बघतोय. चहा निवला, जगाच्या अधोगतीवरचा माझा संतापही निवला, आणि संताप निवलेला विनोदी लेखक म्हणजे तुला माहीतच आहे, नुसताच म्हातारा.

करणी माझीच होती म्हणा. आत रॅमच्या पट्ट्या खोचायला चार स्लॉट, त्यातले दोन तू रिकामे ठेवलेस. पडलेल्या दातांसारखे ते मला खुपायचे. आठवतं, आपण रॅम घ्यायला गेलो तेव्हा दुकानात केवढी जुंपली होती? तू सगळ्यात वेगवान जोडी उचललीस. मी म्हणालो, अगं, मी महिन्याकाठी चार लेख पाडतो, त्याला शर्यतीचा घोडा कशाला? तू म्हणालीस, बाबा, आजच्या प्रोसेसरला हा वेग पुरता झेपणार नाही, पण उद्या प्रोसेसर बदलला तर रॅम तयार असेल. मग ओव्हरक्लॉकिंग समजावलंस, की नेमून दिलेल्या वेगापेक्षा यंत्राला जास्त पळवायचं, फक्त ते तापून कोलमडणार नाही एवढं बघायचं. मी म्हटलं, हे तर आमचा संपादक माझ्यावर वर्षानुवर्षं करतोय. तू हसलीस, दुकानदार हसला नाही. त्याला बहुधा संपादक माहीत नसावा.

तर ते रिकामे स्लॉट भरायला मी गुपचूप दुसरी जोडी आणली. स्वस्तातली, हळू. हिशेब सोपा होता: दोन पळणाऱ्या, दोन चालणाऱ्या, घर भरलेलं. बऱ्याच वेळाने पेटारा उजळला खरा, पण पाय ओढत. तुला फोन केला तर तू कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. म्हणालीस, बाबा, असं नसतं हो. हळू पट्टी शेजारी बसवली की वेगवानही तिच्याच चालीने चालते. चारही सगळ्यात हळू असेल तिच्या चालीने. मी विचारलं, ती वेगवान कुरकुर नाही करत? तू म्हणालीस, नाही, गप चालते.

आणि लगेच फोन ठेवलास. तुझे ते शेवटचे दोन शब्द मी लेखाच्या कागदावर लिहून घेतले.

कारण त्याच्या आदल्याच दिवशी तुझी आत्या येऊन गेली होती. तिच्या पोटात पाणीही टिकत नाही, मग बातमी कुठली टिकायला? दूरच्या त्या मोठ्या प्रयोगशाळेने तुला बोलावलंय, येत्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय, आणि तू 'नाही' लिहून ठेवलंयस. का, तर आईच्या मागे बाबा एकटे पडतील. मला मात्र यातलं अवाक्षर नाही. दर रविवारी येतेस, भाजी चिरतेस, माझे लेख वाचून नाक मुरडतेस, आणि गप चालतेस.

काल मी पेटारा स्वतः उघडला. हो, स्वतः. आधी प्लग काढला, तू दटावून ठेवलंयस तसा. हळू जोडी उपसली, झाकण लावलं, सेटिंगमध्ये जाऊन तू दाखवलेला वेग पुन्हा चालू केला. पेटारा असा उठला की मी दचकलो. काढलेली जोडी आत्याच्या कॉम्प्युटरला दिली. तिचं तोंड सोडलं तर त्या घरात सगळंच हळू आहे.

मला काही होणार नाही, असं लिहिलं होतं. खोडलं. होईल. रविवारी भाजी जाडीभरडी चिरली जाईल आणि लेखांना नाक मुरडायला कोणी नसेल, म्हणजे ते आणखी वाईट होतील. वाचकांनी सोसावं. पण दोन स्लॉट रिकामे राहिले म्हणून यंत्र अडत नाही, हे मी आता हाताने करून पाहिलंय.

तुझं इंजिन हे नाव कसं पडलं, ठाऊक आहे ना? सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून तू ओरडायचीस, "बाबा, जोरात!" आणि मी रोज म्हणायचो, "उद्या." तू पडशील या भीतीने तो उद्या मी कधी येऊच दिला नाही. तो माझ्याकडे राहिलाय. आज देऊन टाकतो. तो 'नाही' फाड, शुक्रवारच्या आत होकार कळव, आणि जा. जोरात.

तुझाच,
इंजिनापासून आपणहून कडी काढलेला मागचा डबा,
बाबा