सवतीच्या नावे पुलावरची खोली

दयावंत अल्लाचे नाव घेऊन मी, तुमू बिंती अथमान, वय सत्याहत्तर, मरहूम नाखवा मासूद यांची थोरली बायको, राहणार मोंबासा, जुने शहर, बंदराच्या वरची गल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. गुडघे जागेवर नाहीत, पण त्याबद्दल कायदा काही विचारत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. भावाने घालून पाहिला, ते पुढे येईल.

मला मूलबाळ नाही. आईवडील केव्हाच गेले. शरीयतीप्रमाणे माझा वारस एकच, धाकटा भाऊ स्वालेह. दोन तृतीयांश त्याचे आहे, त्याला माझी हरकत नाही. उरलेला एक तृतीयांश मी वारस नसलेल्या कोणालाही देऊ शकते, असे काझींच्या कचेरीतून समजले. हे सगळे लिहिणे त्या एक तृतीयांशासाठी आहे.

पहिले, मयतीबद्दल. मला गाडीतून नेऊ नये. ताबूत खांद्यावर घेऊन गल्ल्यांतूनच न्यावा: मासळीबाजाराच्या उतारावरून, बंदराच्या फाटकापुढून, किल्ल्याच्या भिंतीकडेने. मोठ्या रस्त्याने नेल्यास टुकटुकवाले भोंगे वाजवतात. गल्लीत ओट्याओट्यांवर माणसे बसलेली असतात, ती उठतात, चार पावले खांदा देतात आणि परत आपल्या कॉफीकडे जातात. जन्मभर मी या शहरात राहिले. एकदा मक्केला आणि एकदा लामूला जाऊन आले, बाकी कुठे गेले नाही. तेव्हा शेवटचे जाणेही आमच्या गल्ल्यांतून व्हावे. घाई करू नये. मी आधीच फार दमलेली आहे.

दुसरे, घराबद्दल. हे घर वडिलांनी माझ्या लग्नात मला दिले. आमच्यात मुलीला घर देतात आणि नवरा त्या घरात राहायला येतो. प्रवाळदगडाच्या भिंती, खाली ओटा, वर दोन मजले. समोर, गल्लीपलीकडे, माझ्या नवऱ्याचे वडिलार्जित घर होते. दोन्ही घराणी एकाच पणजोबाची. तो लामू बेटावरचा होता आणि तिकडची सवय त्याने इकडे आणली: दोन घरांच्या मधे, गल्लीच्या डोक्यावरून, पुलासारखी एक बंद खोली बांधली. घरातल्या बायकांना रस्त्यावर पाय न ठेवता या घरातून त्या घरात जाता यावे म्हणून. तिला दोन खिडक्या आहेत. एकीतून बंदर दिसते, दुसरीतून गल्ली.

लग्नाला पुष्कळ वर्षे झाली आणि मला मूल झाले नाही, तेव्हा मासूदने दुसरी बायको केली. मला सांगितले नाही. खालून अबूद कॉफीवाला पितळी किटली घेऊन जात होता, तो वर बघून म्हणाला, "बी तुमू, मुबारक हो! पाहुणी गलबतातून उतरली. सामान बरंच आहे हो." मी म्हटले, "कोणाची पाहुणी?" तो बिचारा खाली मान घालून चालता झाला. दुपारी समोरच्या घरात डफ वाजू लागले, उदाचा धूर पुलावरून माझ्या घरात आला. मी सुतार बोलावून पुलाच्या माझ्या बाजूच्या दाराला कडी आणि कुलूप बसवून घेतले.

तिचे नाव झेयाना. लामूची, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज गोड. हे मी तेव्हा कबूल केले नसते. आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. आमच्याकडे लेसोवर, म्हणजे बायका नेसतात त्या कापडावर, म्हणी-टोमण्यांच्या ओळी छापलेल्या असतात. मी मार्केटात जाऊन तिला झोंबेल अशी ओळ शोधून नेसायची आणि खिडकीत उभी राहायची. दोन दिवसांत ती उत्तर नेसून समोरच्या खिडकीत यायची. शेजारणी दुपारची कामे आटोपून आम्ही काय नेसलोय ते वाचायला यायच्या. दुकानदार आम्हा दोघींना नवा माल आधी दाखवायचा. मासूदने एकदा मला विचारले, "तुम्हा दोघींचं हे कधी संपणार?" मी म्हटले, "कापड संपेल तेव्हा." तिलाही मूल झाले नाही. तेव्हा मला बरे वाटेल असे वाटले होते. वाटले नाही.

मासूद अंथरुणावर गेला तो माझ्याच घरात. समुद्राने त्याला कधी काही केले नाही, छातीने केले. त्याला दफन करून माणसे परतली आणि आम्ही दोघी पांढरे नेसून इद्दतीला बसलो, ती तिच्या घरात, मी माझ्या. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नसते. माझ्याकडे भावजय, मामेबहिणी, शेजारणी यांची रीघ होती. तिचे माणूस मोंबासात कोणी नव्हते. दिरांनी तिला जेवण पाठवायचे कबूल केले होते. पहिला आठवडा डबे गेले. नंतर मला खिडकीतून ना डबा दिसला, ना तिच्या चुलीचा धूर. नारळाचा वास नाही, भांड्याचा आवाज नाही. एक सकाळ अशी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या सकाळी मी कुलूप काढले. गंजले होते, तेल घालावे लागले. नारळाच्या दुधातला भात आणि मासळीचे कालवण घेऊन मी पूल ओलांडला.

ती चटईवर बसली होती. ताटाकडे बघून म्हणाली, "विष घातलंयस का?"

"नाही. मीठ जास्त पडलंय."

तिने घास घेतला. "खरंच जास्त पडलंय," म्हणाली आणि सगळे जेवली.

बाकीची इद्दत आम्ही पुलावरच्या त्या खोलीत काढली. उंबरा ओलांडल्याशिवाय एकमेकींकडे जाता येत होते. पणजोबाने आमच्या भांडणाचा विचार केला नसावा, पण त्याचे बांधकाम उपयोगी पडले. संध्याकाळी गल्लीत मोगऱ्याच्या वेण्या विकणारी यायची. आम्हाला फुले माळायला बंदी, पण वासाला बंदी नव्हती. खाली अबूद कपांवर कप आपटत जायचा, तो आवाज ऐकून आम्ही वेळ ओळखायचो. बंदरात सोमाली गलबते तुपाचे डबे उतरवायची. झेयाना त्यांच्या शिडांवरून ती कुठली ते सांगायची आणि मला खोटे वाटायचे, म्हणून वाद व्हायचा. मासूदविषयी फारसे बोललो नाही. एकदा ती म्हणाली, "तो घोरायचा." मी म्हटले, "तुझ्याकडेही?" एवढेच.

इद्दत संपल्यावर दिरांनी ते घर एका हॉटेलवाल्याला विकले. झेयाना आपली पत्र्याची पेटी उचलून पुलावरून माझ्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी गवंड्याने पलीकडचे तोंड सिमेंटने बुजवले. तेव्हापासून तो पूल कुठेच जात नाही. ती नुसती एक खोली आहे, आणि आम्हा दोघींचे सगळे म्हातारपण त्या खोलीत गेले.

आता झेयानाला नीट दिसत नाही. गेल्या महिन्यात स्वालेह त्याच हॉटेलवाल्याला घेऊन आला. त्या माणसाने भिंती वाजवून पाहिल्या, खिडकीतून बंदर पाहिले आणि म्हणाला, "इथे पाहुण्यांना सकाळचा नाश्ता देता येईल." झेयाना तिथेच बसून बोटांनी चाचपून तांदूळ निवडत होती. तिच्याकडे त्याने एखाद्या हलवायच्या पेटीकडे बघावे तसे बघितले. जिन्यात स्वालेह मला म्हणाला, "ताई, तुला उदंड आयुष्य मिळो, पण हिची सोय आत्तापासून बघायला हवी. लामूला पाठवून दे."

"लामूत तिचं कोण उरलंय?"

"ते मला काय माहीत! सवत ती सवत. रक्ताची थोडीच आहे?"

"रक्ताचा तू आहेस," मी म्हटले. "मी तापाने पडले होते तेव्हा रक्ताला ही गल्ली सापडली नाही."

तो चिडून गेला. मी तशीच काठी घेऊन काझींच्या कचेरीत गेले. कारकून हसला. "आजी, सवतीचा हिस्सा कसा काढून घ्यायचा ते विचारायला बायका इथे येतात. द्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." मग त्याने पुस्तक बघून सांगितले की सवत ही वारस नाही, म्हणूनच तिला देता येते.

सबब, माझा एक तृतीयांश मी झेयाना बिंती कोम्बो हिला देते. त्यात पुलावरची खोली, तिला लागून असलेली निजायची खोली, वरच्या मजल्यावरची चूल आणि जिन्याची वहिवाट येते. मोजणी करून घेतली आहे, एक तृतीयांशाहून कमीच भरते. हे देणे बिनशर्त आहे. तिने राहावे, विकावे, खिडकीत बसून हॉटेलच्या पाहुण्यांना नावे ठेवावीत. स्वालेहने तिला उठवण्याचा प्रयत्न केल्यास काझींनी त्याला हा कागद मोठ्याने वाचायला लावावा.

तिसरे, किरकोळ. नारळ खवायची लाकडी बैठक, जिला आम्ही बकरी म्हणतो, शेजारच्या मास्तरांच्या मुलीला. तिचा हात चांगला आहे. माझी चांदीची गुलाबदाणी भावजय बातुली एका लग्नासाठी घेऊन गेली, ती परत आली नाही. तिचे झाकण माझ्याकडे राहिले आहे. ते बातुलीला द्यावे. लेसो गल्लीतल्या बायकांनी वाटून घ्यावेत. भांडणाचे लेसो हिरव्या पेटीत आहेत, ते नव्याने लग्न झालेल्यांना देऊ नयेत.

चौथे, सुतकाबद्दल. हे कलम मी लिहिणार नव्हते. काल संध्याकाळी झेयानाला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे आधी तू जाणार, हे तूच ठरवून टाकलंस?"

"मी मोठी आहे. आणि दमलेय."

"दमलेय तर मी पण." थोड्या वेळाने तिने विचारले, "तू गेलीस तर मला किती बसता येईल?"

मी म्हटले, "नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणासाठी तीन दिवसांच्या वर बसायचं नसतं. तुला माहीत आहे."

"त्याच्यासाठी महिनेच्या महिने, आणि तुझ्यासाठी तीन दिवस?"

याचे उत्तर काझीसाहेबांना सुचल्यास त्यांनी तिला सांगावे. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येते, डावीकडे बसून सांगावे.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, समजून घेतले आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. झेयानाला लाभ मिळतो म्हणून तिला साक्षीला घेतलेले नाही.

सही: तुमू बिंती अथमान

साक्षीदार:
१. अबूद बिन फमाऊ, कॉफीवाला
२. नासोर बिन महफूद, शिक्षक, शेजारी

मोंबासा, जुने शहर
१४ मार्च २०१२