चिपमधला जागल्या

५ मार्च २०१८, आशागड

जागल्या पास! सगळ्याच्या सगळ्या चाचण्या! एकही लाल ओळ नाही!

बंगळूरहून नागराज सरांचा मेल आला. दोन शब्द — गुड वर्क. माझे बॉस आहेत म्हणून म्हणत नाही, पण हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा बायकोला एवढंच म्हणाला असेल. तरी मी उठून बायजीमावशीच्या चुलीपुढे नाचले.

"काय गो, लगीन जमला का?"

म्हटलं, त्याहून मोठं! मावशीला त्याहून मोठं काही असतं हेच पटेना.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन डहाणूला आहे, म्हणून आम्ही दोघी मावशीकडे राहतोय. वेवजीच्या घरी नेट टिकत नाही, इथे ब्रॉडबँड आहे. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली खरी, पण तोंड वाकडं करूनच. घ्या आता! चिकूच्या वाडीत बसून केलं की नाही पास?

८ मार्च

मावशीने आज मला धरलंच. "तू दिसभर त्या डब्यापुढं काय करतेस ते नीट सांग."

सांगितलं. फोनला मेंदू असतो, त्याला चिप म्हणतात. बाकीच्या कंपन्या बाहेरून तयार विकत घेतात. आम्ही एका फोन कंपनीसाठी आपली स्वतःची बनवतोय, पहिल्या रेघेपासून. त्यात मोठे कोअर असतात, ते बैलासारखे काम ओढतात आणि तसंच खातातही — बॅटरी! म्हणून काम नसलं की त्यांना झोपवायचं. सगळे झोपले की एक छोटा तुकडा तेवढा जागा राहतो. फोन आला, मेसेज आला, कुणी बटण दाबलं, की कुणाला उठवायचं ते तो ठरवतो. तो तुकडा माझा! पूर्वी गावात रात्री जागल्या असायचा ना, तसा. म्हणून मी त्याचं नाव जागल्या ठेवलं. ऑफिसातले सगळे त्याला 'जगलिया' म्हणतात, पण कागदोपत्री नाव हेच.

मावशीने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मंग यो जागल्या कव्हा निजतो?"

"निजतच नाही."

"बिचारा."

टीममधल्या कुणालाही त्याची कधी कीव आली नव्हती!

तिला दोन टिचक्यांचं पण सांगितलं. काचेवर दोनदा टिचकी मारली की फोन जागा होणार, बटण नकोच. ती माझी खास हौस. फोन कंपनीचे लोक आले तेव्हा सरांनी त्यांना सगळ्यात आधी तेच दाखवलं होतं.

वीस एप्रिलला डिझाईन तैवानच्या कारखान्यात जाणार. एकदा गेलं की खोडरबर नाही! चूक राहिली तर ती लाखो फोनमध्ये छापली जाणार. आणि सरांनी स्वच्छ सांगितलंय — आपली छोटी टीम आहे, आपल्याला दुसरी संधी मिळणार नाही.

१४ मार्च

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. मला बघून पहिलं वाक्य — "दक्षे, तू काळी पडलीस गो."

१८ मार्च, वेवजी

आईला घरी आणलं. आणि इथे भलतंच घडलं!

मनिषदादा उंबरगावच्या कंपनीतून आला. हातपाय धुवायच्या आधी खिशातला फोन काढून माठाखालच्या ओल्या वाळूवरच्या ताटलीत ठेवला. तिथे वहिनीचा फोन आधीच होता. शेजारच्या लाहूकाकांचाही! त्यांचा माठ फुटलाय म्हणून ते फोन थंड करायला आमच्याकडे आणून ठेवतात. मी हसत सुटले.

दादा म्हणाला, "हसतेस काय? आपल्याकडं सगळ्यांचे फोन तापतात. सस्ता माल."

आमच्या पाड्यात हे वाक्य पहिला फोन आला तेव्हापासून चालू आहे. मीही म्हणत आलेय. पण दादाच्या फोनला हात लावला आणि हसू थांबलं. हा सस्ता माल नाही! दिवाळीत मीच दोन घेतले होते, एक त्याला, एक मला. माझा बंगळूरला कधी कोमटसुद्धा होत नाही. मग खिशातला माझा चाचपला — तोही गरम!

दादाच्या फोनमध्ये सिम दोन. कंपनीसाठी गुजरातचं, घरासाठी महाराष्ट्राचं. इथे सगळ्यांचंच तसं. आणि आमचा पाडा राज्यांच्या सीमेवर, बरोब्बर दोन्हीकडच्या टॉवरच्या मध्ये. एक सिम पलीकडचा टॉवर धरतं, तो सुटतो, अलीकडचा धरतं, तोही सुटतो. दुसऱ्याचं तेच. माणूस बाजेवर लोळतोय आणि खिशातला फोन दिवसभर या राज्यातून त्या राज्यात येरझाऱ्या घालतोय!

माझा जागल्या इथे काय करेल?

जेवण गेलं नाही. दादाच्या फोनवर टॉवरची नोंद ठेवणारं अ‍ॅप टाकलं. त्याला बजावलं, दोन दिवस बंद करायचा नाही, माठाजवळ ठेवायचा नाही. म्हणाला, "मंग हाताला चटका बसला तर तू औषध लाव."

२३ मार्च, आशागड

दादाच्या फोनची नोंद घेऊन ऑफिसच्या सर्व्हरवर आमच्या डिझाईनला चारली. म्हणजे चिप अजून बनलीच नाही, पण तिला वाटतंय ती वेवजीत राहतेय.

वाटोळं!

टॉवर बदलला की सगळ्यांना उठव — हे मीच लिहिलंय. सावधगिरी म्हणून. लॅबमध्ये एकच खोटा टॉवर, तो कशाला बदलतोय? वेवजीत तो सारखा बदलतो, आणि माझा जागल्या दर वेळी बोंब मारून अख्खं गाव उठवतो. मोठ्या कोअरचा डोळाच लागत नाही. दुपारच्या आत बॅटरी खलास.

लाज वाटली. पण खरं सांगू? त्याहून जास्त मजा वाटली! इतक्या हुशार लोकांनी इतके महिने ही चिप उलटीपालटी करून पाहिली, आणि चूक सापडली कुठे, तर आमच्या माठाखाली!

२६ मार्च

सरांशी फोन. वेवजीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दक्षा, फ्रीझ मतलब फ्रीझ." डिझाईन गोठवलंय, आता कुणी हात लावायचा नाही.

मी बोलत राहिले. "तुम्हारे बॉर्डर पे कितने लोग रहते हैं?" असं विचारलं त्यांनी. माझं डोकंच फिरलं! म्हटलं, सर, एकच बॉर्डर आहे का देशात? राज्याला राज्य लागूनच असतं ना? आणि दोन सिम कोण वापरतं? बॉर्डरवरचेच! आपला फोन दोन सिमचा आहे तो कुणासाठी?

एवढं बोलून बसले. मला वाटलं नोकरीच गेली.

मग म्हणाले, "एरिया कहाँ से लाओगी?" जागा कुठून आणणार? जागल्याला मागचे टॉवर लक्षात ठेवायचे तर त्याला थोडी आठवण, म्हणजे मेमरी, द्यावी लागणार, आणि आठवणीला जागा लागते. चिपवर तीळ ठेवायला जागा नाही.

अट घातली. चिप केसाएवढीही वाढता कामा नये आणि दहा एप्रिलच्या आत सगळं पास. नाहीतर आहे तशी जाणार.

म्हणजे नाही म्हणाले नाहीत! नाही म्हणाले नाहीत!!

३१ मार्च, विवळवेढे

महालक्ष्मीची जत्रा. आई काळा चष्मा लावून अशी चालत होती की लोक वळून बघत होते. मावशीने सुकट घेतली, बांगड्या घेतल्या, परत सुकट घेतली. दर्शनाच्या रांगेत मी डोक्यात चिपचे तुकडे इकडून तिकडे सरकवत होते. देवीच्या दारात सुचतं म्हणतात. मला काही सुचलं नाही. जिलेबी खाल्ली.

१ एप्रिल, आशागड

दात घासताना सुचलं! फेसासकट लॅपटॉपकडे पळाले!

दोन टिचक्या! टिचकी खरी की खिशातला धक्का, हे ओळखायला जागल्याला मी थोडी आठवण दिली होती. तेवढीच पुरेल! टिचक्या काढायच्या आणि तिथे टॉवर बसवायचे. मागचे काही टॉवर लक्षात ठेव. ओळखीचा असला तर तूच त्याच्याकडे फोनची हजेरी लाव, कुणाला उठवू नकोस. अनोळखी असला तर उठव.

थोडं रडू आलं. टिचक्या माझ्या होत्या. पण चटका बसलेल्या माणसाला टिचकी कशाला हवी?

सरांना कळवलं. म्हणाले, फोन कंपनीला टिचक्याच आवडल्या होत्या. मग म्हणाले, करो.

४ एप्रिल

दोन चाचण्या लाल. जागल्या आता इतका शहाणा झालाय की खरा कॉल आला तरी कुणाला उठवत नाही! मेल्या!

९ एप्रिल

पास! वेवजीच्या नोंदीसकट पास! मोठे कोअर ढाराढूर!

मावशीला मिठी मारली. ती भाकरी थापत होती, माझ्या पाठीवर पिठाचे दोन पंजे उमटले. "आता तरी निजला का तो?" म्हटलं, तो नाही, बाकीचे निजले. "मंग त्याचं काय बरं झालं?"

हिला पटवणं सरांपेक्षा कठीण.

२० एप्रिल

चिप गेली तैवानला. आता हातात काही नाही. दिवसभर मावशीचे तांदूळ निवडत बसले, ते आधीच निवडलेले होते.

१९ सप्टेंबर, बंगळूर

जिवंत आहे! तैवानहून डबा आला, चिप बोर्डवर बसवली, वीज दिली — आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली! नागराज सर खुर्चीवर उभे राहिले. हो, खुर्चीवर! बुटासकट!

२ फेब्रुवारी २०१९, वेवजी

आमची चिप असलेले टेस्टचे पंधरा फोन बनलेत. एक मी घेऊन आले, दादाची दोन्ही सिम काढून त्यात घातली. दादा कुरकुरला, त्याला माझा जुना फोन सिमसकट दिला. माझे ऑफिसचे मेलही यावरच लावलेत — जागल्याला भरपूर काम हवं. आणि फोन दिला आईला. म्हटलं, दिवसभर कमरेला खोच, रानात ने, नदीवर ने, मावशीला हवे तितके फोन कर.

"मोडला तर?"

"मोड!"

आता नुसती वाट बघायची. मी ओटीवर बसून नखं खाल्ली.

संध्याकाळी आई आली. बॅटरी निम्म्याहून जास्त! मी दादाला बोलावलं. त्याने फोन हातात घेतला, गालाला लावला, उलटा करून परत गालाला लावला.

"मेलाय का यो?"

"नाही रे! झोपलाय!"

 दादा उठला आणि पाड्यातल्या प्रत्येकाच्या गालाला तो फोन लावून आला. लाहूकाका म्हणाले, माठातून काढलास काय. मला इतकं हसू येत होतं की डोळ्यांतून पाणी. सरांना मेल केला. लगेच उत्तर — कमिंग टू सी. म्हणजे सर वेवजीला येणार! त्यांना बसवायचं कुठे, यावर आई आणि वहिनी आतापासून भांडतायत.

६ फेब्रुवारी

आईने फोनला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. आता 'दक्षाचा फोन' म्हणत नाही, 'माझा फोन' म्हणते. काल मावशीला सांगत होती, "माझ्या पोरीनं केलाय. आतला मेंदू तिचा."

दादाने विचारलं, दुकानात कधी येणार, पाड्यातले सात जण थांबलेत. म्हटलं, दिवाळीपर्यंत नक्की!

९ फेब्रुवारी

आई मळ्यातून हाक मारत आली — "दक्षे, वाजला बघ, तुझ्या हापिसाचं असल." पिशवीतून काढून दिला. नागराज सरांचा मेल. फोन कंपनीने आमची चिप घ्यायचं रद्द केलं, बाहेरची तयार घेणार आहेत. टीम या महिन्याअखेर बंद. पंधराही फोन सोमवारपर्यंत परत पाठवायचे.

दोनदा वाचला. आई हात पुढे करून उभी होती.

"वाचलंस ना? दे आता माझा फोन."

दिला.