एकच सोनेरी जाळं

शनिवार, ११ जानेवारी

मिळाला! नरबरो रोडवरच्या चॅरिटी शॉपमध्ये, बाळांच्या कपड्यांच्या टोपलीखाली. जांभळा, जाडजूड, पेन्सिल सेलवर चालणारा गेम. आत कॅसेट अडकलेली, तीही बीस्टवुडची, जाळं टाकून प्राणी पकडायचा तो गेम! काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "चालतो तरी का तो, डक?" लेस्टरला सगळेच सगळ्यांना डक म्हणतात, मला अजून हसू येतं. बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. चौतीस वर्षांची घोडी!

अगदी असाच आमचा होता. शशीमामाने दुबईहून आणलेला, मला आणि ज्ञानूला मिळून एक. नागपूरचा मे महिना, कूलरसमोर दोघं पालथे पडलेले, आणि "ताई, माझी पाळी, माझी पाळी" अशी ज्ञानूची भुणभुण.

रविवार, १२ जानेवारी

सेल घातले. चालतो!

पण आत कुणाचा तरी गेम आहे. सत्तर तासांचा. आणि जागा एकाचीच — आपला सुरू करायचा तर त्याचा पुसायचा. पुसणारच होते. मग पाळलेल्या प्राण्यांची यादी उघडली. इंग्रजी अक्षरांत नावं: शेंबडी. भोपळ्या. गवार. ठकूताई. मी किचनमध्ये एकटीच खो-खो हसत सुटले. चहा उतू गेला. खेळणाऱ्याचं नाव स्वरू.

आणि बॅगेत सोनेरी जाळं, एक. न वापरलेलं!

बाकीची जाळी फाटतात, प्राणी निसटतात. सोनेरी जाळं कधीच चुकत नाही, पण अख्ख्या गेममध्ये एकदाच मिळतं. आम्हालाही मिळालं होतं. लव्हाळ्यात पांढरं मुंगूस दिसलं — दीड महिना शोधत होतो — आणि ते एका क्षणात पळतं. ज्ञानू ओरडला, "सोनेरी टाक, सोनेरी!" मी म्हटलं, नको, राखून ठेवू, पुढे लागेल. साधं टाकलं. मुंगूस गेलं. पुढे कधीही, काहीही लागलं नाही. ज्ञानू दहा वर्षांचा होता. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आमच्या घरचं वळणच ते. चिनी मातीचा चांगला सेट पाहुण्यांसाठी, पाहुणे आले तरी आणखी चांगल्या पाहुण्यांसाठी. माझ्या इथल्या सोफ्यावर अजून दुकानाचं प्लॅस्टिक आहे, मी कुणाला नावं ठेवू!

सोमवार, १३ जानेवारी

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. "हा गेम कुणाच्या मुलांचा? स्वरू कोण?" उत्तरं: चार जणांना तिळगुळाची ऑर्डर द्यायची आहे. एकाला प्लंबर हवा आहे. मुरलीधरकाका म्हणाले, "डिलीट अँड मूव्ह ऑन." फक्त वरदाताईंनी विचारलं, "माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा असेल का? फॉरवर्ड करते."

बुधवार, १५ जानेवारी

काही नाही. तोवर लव्हाळ्यात भटकते आहे. लोकांचं आहे म्हणून सेव्ह करत नाही. फिरते आणि बंद करते, की सगळं परत स्वरूने ठेवलं होतं तसंच. साधी जाळी वापरायला काय हरकत आहे? बंद केलं की तीही परत.

लंच ब्रेकमध्येही खेळले. टीममधला अर्जुन डोकावून म्हणाला, "हा तर म्युझियमचा पीस आहे." मेला दोन हजार एकचा जन्म त्याचा.

रविवार, १९ जानेवारी

ज्ञानूचा फोन. मुलांचे क्लास, बँकेतलं ऑडिट, आईची शुगर. मग मी गेमचं सांगितलं. लगेच म्हणाला, "मुंगूस दिसलं का?"

ऑडिट नाही, शुगर नाही — पुढची वीस मिनिटं फक्त मुंगूस. सकाळी जास्त येतं म्हणे. डावीकडच्या तळ्यापाशी म्हणे. बावीस वर्षांत विसरला नाही लबाड! बोलता बोलता हसून म्हणाला, "तेव्हा तुला लई शिव्या घातल्या होत्या मी, मनात." मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाईट वाटलं. पकडून दाखवायचंच त्याला.

गुरुवार, २३ जानेवारी

दिसलं!! साधं जाळं. फाटलं. गेलं.

शनिवार, २५ जानेवारी, दुपारी

पकडलं.

डावीकडचं तळं, ज्ञानूने सांगितलेलं. पांढरं शेपूट, लाल डोळे. साधी जाळी सकाळपासून एकेक करून सगळी फाटली होती. बॅगेत उरलेलं एकच, सोनेरी. विचार केलाच नाही. खरं तर केला. म्हटलं, ऋजुता, पुन्हा राखून ठेवणार का? आणि टाकलं.

लगेच ज्ञानूला व्हिडिओ कॉल. नागपूरला संध्याकाळ, तो भाजी घेत होता. स्क्रीन दाखवली तर रस्त्यातच ओरडला, "अबे! अबे!" भाजीवाला बघतच राहिला. त्याचे डोळे भरलेले दिसले मला. तो म्हणेल धूळ गेली.

मग म्हणाला, "ताई, सेव्ह कर न आधी! काय पाहून राहिली?"

करते म्हटलं. केलं नाही. बटणावर बोट नेलं आणि थांबले. जाळं आपलं नव्हतं.

शनिवारीच, पाच वाजता

गेम चालूच ठेवलाय. बंद केला तर मुंगूस जाणार, सेव्ह केलं तर स्वरूचं जाळं कायमचं जाणार. ज्ञानूचे सहा मेसेज. "केलं का?" "केलं का?" सेलचा लाल दिवा बारीक झालाय. सेल बदलायचे तरी बंदच करावा लागतो.

बारा दिवस कुणी उत्तर दिलं नाही. ज्याने चॅरिटीला दिला त्याला काय पडलंय! साडेसातपर्यंत वाट बघते, मग करून टाकते. ठरलं.

शनिवारीच, सात वाजता

ब्रिस्टलहून मेसेज, स्वराली नावाच्या मुलीचा. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, सलग ड्युट्या होत्या म्हणून वरदाताईंचा फॉरवर्ड आज पाहिला. मराठी धडपडत लिहिलंय, पण सगळं मराठीतच. उतरवून ठेवते:

"रुजुता मावशी, ती गेम माझा आहे! लेस्टरचा घर शिफ्ट झाला तेव्हा मम्मीने चुकून चॅरिटीला दिला, मी खूप रडली. सगळे नाव माझी आजीने ठेवले. ती सांगलीहून सहा महिना आली होती, मी नऊ होते, आम्ही रोज खेळायचो. जाताना बोलली, सोनेरी जाळा मी परत आल्यावर टाकू, तोपर्यंत हात लावायचा नाही. मग तिचे गुडघे गेले, ती आलीच नाही. आता एट्टी-सिक्स आहे. फोनवर अजून विचारते, मुंगूस राहिलाय ना आपला? मी मार्चमध्ये सांगलीला जाते. प्लीज सांगा, जाळा आहे ना?"

तीनदा वाचलं. आजी ऐंशी वर्षांच्या पुढे आणि मुंगूस विचारतेय! खूप रडले. स्वरूसाठी, आजींसाठी, आणि खोटं का बोलू, स्वतःसाठीही. अजून समोर बसलंय ते, शेपूट हलवत.

ज्ञानूला उद्या सांगेन. शिव्या घालेल, या वेळी तोंडावर.

साडेसात

आधी स्वरालीला लिहिलं, "आहे. जसंच्या तसं."

मग गेम बंद केला.