डुकराच्या पायाच्या शेवया

ताइनान, तैवान

आदरणीय मामा,

तुमच्या चिरंजीवांनी लाल सिग्नल तोडून माझ्या स्कूटरवर ट्रक घातला, गुडघ्याचा चुरा केला, आणि तुम्ही काय आणलंत? डुकराच्या पायाच्या शेवया!

"खा पोरी, पीडा टळते. आणि तो भरपाईचा अर्ज मागे घे. घरातलाच आहे ना तो!"

दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापणाऱ्या बाईला पायाच्या बदल्यात पाय दिलात, तोही अळणी.

शेवया मी सगळ्या खाल्ल्या, हाडसुद्धा चोखलं. अर्ज मात्र मागे घेतला नाही. पीडा टळते हे खरंच निघालं, मामा. तेव्हापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. वाचलंत तर परत याल.

तुमची लंगडी भाची,
शु-हुई