कडी लागणारी खोली

सावेडी, नगर
(नवीन नाव लिहायला हात अजून तयार होत नाही, टपालखात्याने सांभाळून घ्यावे)

ती. राजेश्वरीताईस शामकांतचा साष्टांग नमस्कार.

तुझी गुडघेदुखी, बेलापूरची थंडी आणि शेजारच्या मालनबाईंची तुझ्याबद्दलची चौकशी, तिन्ही आता उतरणीला लागल्या असतील अशी आशा करतो. भाऊजी गेल्यापासून एवढ्या घरात तू एकटीच, तेव्हा जेवणाचा कंटाळा करू नकोस. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत, म्हणजे माझा रक्तदाब गोळीच्या आणि आमचा संसार सवयीच्या आधाराने चालला आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुला कमी ऐकू येतं आणि आमच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सरोजिनीला जरा जास्तच ऐकू येतं.

तर आपल्या प्लॉटवर अखेर घर होणार. नकाशा काढायचं काम राजसकडे दिलं आहे. राजस म्हणजे आपल्या सूनबाईंचा, मनवाचा, मामेभाऊ. तो आर्किटेक्ट आहे हे कळल्यावर दुसरा कोणी शोधायची सोय उरली नाही. मुलगा गुणी आहे, फक्त घरात माणसं राहतात हे त्याला अजून कोणी शिकवलेलं दिसत नाही. पहिल्या नकाशात घराच्या ऐन मध्यभागी एक मोठा रिकामा चौकोन होता. मी विचारलं, इथे काय येणार. तो म्हणाला, इथे काही नाही येणार काका, इथे स्पेस आहे. मी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला, वाळवंटांच्या नकाशातसुद्धा इतकी मोकळी जागा पाहिलेली नाही. पण सूनबाईंचा मामेभाऊ, तेव्हा मी मान डोलावली. (लग्नसंबंधात मान ज्या दिशेने डोलवायची असते ती दिशा मला चांगली पाठ आहे.)

त्यानंतर चिरंजीव धवल पुण्याहून व्हिडिओ कॉलवर अवतरले. गणपतीला दीड दिवस आणि दिवाळीला अडीच, एवढा त्यांचा या घरात मुक्काम. पण त्यांना बसून काम करायला एक खोली, सिनेमा पाहायला एक खोली आणि प्रत्येक खोलीला स्वतःचा संडास हवा. हिशेब केला तर राहणारी माणसं दोन आणि संडास पाच. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा ही चिंता त्याने मिटवली. मनवाला स्वयंपाकघराला भिंतच नको. म्हणजे दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्यांना आपली कढी फुटली की जमली हे आपल्याबरोबरच कळावं. सरोजिनी हे सगळं ऐकत शेंगा सोलत बसली होती. तिला काय हवं हे कोणी विचारलं नाही, आणि मला काय हवं हे विचारण्याची तर या घराला सवयच नाही.

मग वास्तू बघायला राहुरीकडचे काकासाहेब आले. हे पूर्वी साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांची वजनं करत, निवृत्त झाल्यावर त्यांना अचानक दिशा कळायला लागल्या. हातात होकायंत्र, कपाळाला गंध. त्यांनी राजसच्या स्पेसवर बोट ठेवून सांगितलं, "मालक, हे लई वाईट हाय." मला एकदम त्यांच्याविषयी आदर वाटला. तो फार टिकला नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला पाहिजे म्हणून ते गाडीच्या जागी गेलं, गाडी देवघराच्या जागी गेली, देव ईशान्येला धवलच्या सिनेमाच्या खोलीत गेले आणि सिनेमा माझ्या खोलीत आला. मी कुठे, असं विचारलं तेव्हा राजसने जिन्याखालचा एक त्रिकोण दाखवला आणि तिथे सुरेख अक्षरांत 'अभ्यासिका' असं लिहिलं. त्या त्रिकोणात मी बसू शकतो. उभं राहायचं झालं तर बाहेर येऊन राहावं लागेल.

इथवरचं मी हसून सोडलं असतं, ताई. खरी गोष्ट गेल्या रविवारची.

कागदावर अंदाज येत नाही म्हणून राजसने प्लॉटवर गवंडी बोलावून पांढऱ्या फक्कीने सगळ्या खोल्या जमिनीवर आखून घेतल्या. दारांच्या जागी मोकळ्या फटी ठेवल्या. आम्ही दोघं बघायला गेलो. सरोजिनी एकेका खोलीतून हिंडली आणि मागच्या बाजूच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोलीत जाऊन थांबली. तिथून कडुलिंब दिसतो. तिने राजसला जवळ बोलावलं आणि शांतपणे म्हणाली, "ही पाहुण्यांची नाही. ही खोली माझी. आणि दाराला आतून कडी पाहिजे."

राजसने लगेच लिहून घेतलं. (माझ्या एकाही सूचनेला त्याने खिशातून पेन काढलेलं नव्हतं.) मी म्हणालो, अगं, आपली मोठी बेडरूम आहे की नैऋत्येला, काकासाहेबांनी मुद्दाम काढून दिलेली. तर म्हणाली, "आहे ना. ती तुम्हाला."

एवढं बोलून तिने शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनकडून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली, आपल्या खोलीच्या मधोमध ठेवली आणि कडुलिंबाकडे तोंड करून बसली. उन्हं उतरली, राजस गेला, गवंडी गेला. मला तिला सांगायचं होतं की आता निघू या. ताई, चहूकडे उघडा प्लॉट, टाचेच्या उंचीची भिंतसुद्धा नाही, आणि मी फक्कीची रेघ ओलांडून आत जाऊ शकलो नाही. सगळ्या घराला वळसा घालून दाराच्या फटीपाशी आलो, उभा राहिलो आणि खाकरलो. ती मागे न बघता म्हणाली, "या." समोरच्या बंगल्यातले गृहस्थ गच्चीवरून हे पाहत होते. आता मी प्लॉटवर गेलो की ते मला फार प्रेमाने नमस्कार करतात.

घरी आल्यावर मी कारण विचारलं. माझ्या घोरण्याचा त्रास होतो का, माझं काही चुकलं का. ती म्हणाली, तसं काही नाही, आणि पोळ्या लाटायला लागली. तिने भांडण केलं असतं तर मी दोन दिवसांत जिंकलो किंवा हरलो असतो. पण ती आनंदात आहे. पडद्याच्या कापडाचे नमुने बघते, मोबाईलवर खाटांचे फोटो बघते, आणि मी आलो की फोन उलटा ठेवते. धवलला सांगितलं तर म्हणाला, बाबा, आईला स्पेस हवी असेल. हा शब्द आता मला स्वप्नातही ऐकू येतो.

तेव्हा वडीलधारी म्हणून तू इकडे ये आणि तिला चार गोष्टी सांग. या वयात नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत राहायला लागली तर सावेडीतले लोक काय म्हणतील, हे तुझ्या तोंडून तिला पटेल. मी सांगितलं तर ती विचारते, कोणते लोक.

तुझा धाकटा भाऊ,
शामकांत

ता. क. हे पत्र मी लिहिलं असं सरोजिनीला सांगू नकोस. सहज आले म्हणावं.

ता. क. दुसरा : चार गोष्टी सांगायचं राहू दे. दुपारच्या वेळी, कडी लावण्याआधी, मी तिथे थोडा वेळ बसलो तर चालेल का, एवढंच तिला विचार. मी बोलणार नाही.

ती. वन्संना सरोजिनीचा नमस्कार. पाकीट चिकटवून टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून या चार ओळी. यांच्या बसण्याचं मी बघते, काळजी नको. पण खोली आपल्या दोघींची आहे. मागे इकडे कायमच्या राहायला या म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, भावाच्या दिवाणखान्यात गादी घालून किती दिवस काढायचे. यांना आधी सांगितलं असतं तर यांनी मोठेपणाने लगेच तुम्हाला फोन केला असता आणि तुम्ही तितक्याच लगेच नको म्हणाला असतात. आता खोली माझी म्हणून नकाशात चढली आहे, त्यामुळे कोणाच्या उपकाराचा प्रश्न नाही. नकाशा महिनाअखेरीस महापालिकेत जातो. तुमची खाट खिडकीशी हवी की दाराशी, तेवढं त्याआधी कळवा.